पांग

नाव पुकारलं की मागच्या बाकावरची पोरं हसतात.
कचरू अवघडे.
त्याला सवय आहे.
'माझ्याआधी दोघं गेली बाई. म्हणून.'
एवढं सांगून तो स्टुलावर बसतो.

बैंगनवाडीच्या दवाखान्यात मी लोकांना फुंकायला लावते.
पुठ्ठ्याची नळी, नाकाला चिमटा,
खोल घ्या, आता सोडा, सोडा, सोडा, अजून,
दिवसभर असं ओरडून माझा घसा बसतो
आणि पडद्यावर ज्याची त्याची रेघ उमटते.
पहिलीतल्या पोराने काढलेल्या डोंगरासारखी हवी,
टोकदार.
इथे बहुतेकांची पावसाने बसलेली माती.

कचरूची उंबऱ्याएवढी.

दम परत येईपर्यंत तो बोलत राहिला,
बोलू नका म्हटलं तरी.
मंठ्याकडचं गाव. पाचवीच्या दिवशी
आजीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेलं,
लोळवलं,
आणि शेजारच्या काशीबाईने सव्वा रुपयात विकत घेऊन घरी आणलं.
मरणाला वाटावं, टाकलेलं आहे.
टाकलेलं कोण नेतं?

'आतून ऊबदार असायचा बाई तो उकिरडा.
शेण, राख, तुरीचं भूस.
वैशाखात गाड्या भरून रानात जायचा,
आणि खाली जागा मोकळी,
काळी, ओली, गांडुळांची.'

माझी आई म्हणायची,
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात.
खिडकीतून देवनारचा डोंगर दिसतो.
आठ वेळा बारा झाली.
तो कुठल्याच रानात गेला नाही.

सतरा वर्षं कचरू गाडीच्या मागे लटकून तिथे येतो.
कंत्राट तीनदा बदललं, हातमोजे एकदा मिळाले.
उंच इमारतीतून येणारी काळी पिशवी,
गाठ अशी पक्की की आतल्याची लाज वाटत असावी,
आत उरलेली बिर्याणी, बाळाचं डायपर, इन्सुलिनची सुई,
सगळं एकमेकांत मुरलेलं.
'हाबी आतून गरमच असतो,' तो म्हणाला,
'पण ह्याच्यात हात नाही घालवत.'
उन्हाळ्यात पेटला की तीन तीन दिवस
वस्तीतली दारं बंद,
आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे रांग.

नळी मी चुकून लाल पिशवीत टाकत होते.
त्याने बोटाने पिवळी दाखवली.
बरोबर होतं त्याचं.
पिवळी पिशवी जळायला जाते.
ती चिमणीही इथून फार लांब नाही.
म्हणजे संध्याकाळी वारा फिरला
की त्याने मोठ्या कष्टाने सोडलेला श्वास
धूर होऊन परत येणार, बहुधा माझ्याच टेबलापाशी.
अहवालात हे लिहायला रकाना नाही.
मी लिहिलं: तीव्र. धुरापासून दूर राहावे.
त्याने कागद उलटसुलट पाहिला.
'दूर म्हंजे किती?'

मग उठता उठता म्हणाला, पोरीची दोन गेली.
तिसरी परवाच्या शुक्रवारी झाली, शताब्दीत.
आज पाचवी.
सासू म्हणते, उकिरड्यावर लोळवून आणा.
'इथल्या?' तो हसला, आणि खोकला, बराच वेळ.
'गावाकडचं मरण टाकलेल्याला शिवायचं नाही बाई.
इथलं तर
टाकलेल्यातूनच वेचतं.
आमच्याच बायांसारखं, आकडी घेऊन.'

बाहेर पुढचा नंबर खाकरत होता.
कचरू दारात थांबला.
'तुमीच घ्या ना विकत. नावापुरती.
सव्वा रुपया.
तुमचं घर लांब असंल, चांगल्या हवेत.'

मी मानखुर्दला राहते.
त्याच वाऱ्यात, फक्त दोन थांबे अलीकडे.
नऊ वर्षांत स्वतःची रेघ काढून पाहिलेली नाही.

यातलं काही सांगितलं नाही.
पर्स उघडली.
पावली तर केव्हाच बंद झाली.
रुपयाचं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं,
त्या हातावर काचेने कापल्याची एक पांढरी खूण होती,
आणि विचारलं, नाव काय ठेवणार.

चार आणे माझ्याकडे बाकी आहेत.